चामडे, हलगी आणि समाजगीत : ‘जग बदल घालुनी घाव’ या गीताची घडण

१

एखाद्या समाजाचे गीत कसे घडते, हा प्रश्न वाङ्मयेतिहासात क्वचितच विचारला जातो. कविता कोणी लिहिली, केव्हा लिहिली, कोणत्या वृत्तात लिहिली यांची नोंद होते. पण ती कोणाची झाली, कोणत्या प्रक्रियेतून झाली आणि ज्यांची झाली त्यांना तिने काय दिले, हे प्रश्न समाजशास्त्राचे मानून बाजूला ठेवले जातात. समाजगीत हा मात्र असा वाङ्मयप्रकार आहे की, त्यात लेखन हा घडणीचा केवळ पहिला टप्पा असतो. संहिता सिद्ध झाली म्हणजे समाजगीत सिद्ध झाले, असे होत नाही. ते गाणाऱ्यांनी स्वतःला त्या गीतातील ‘मी’ किंवा ‘आम्ही’ मानले, म्हणजे ते घडते.

श्रमिकांच्या जागतिक चळवळीतील ‘इंटरनॅशनल’ या गीताचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. पॅरिस कम्यूनच्या पाडावानंतर, १८७१ मध्ये, यूजेन पॉतिए या कवीने ते रचले. त्याला आज परिचित असलेली चाल प्येर द गेतेर या कामगाराने १८८८ मध्ये दिली, आणि तोपर्यंत पॉतिए हयातही नव्हता. रचना आणि गायन यांच्यातील या सतरा वर्षांच्या अंतरात गाणारा समुदाय हळूहळू आकाराला येत होता. गीत आधी लिहिले गेले, ‘आम्ही’ नंतर घडले.

महाराष्ट्रात चामड्याशी, चामड्याच्या वस्तूंशी आणि चामड्याच्या वाद्यांशी जोडल्या गेलेल्या समाजांच्या संदर्भात हाच प्रश्न विचारला, तर एक विलक्षण वस्तुस्थिती समोर येते. या समाजांना व्यवसायाने एका साखळीत बांधले होते. परंतु त्या साखळीने त्यांना एक समाज कधीही होऊ दिले नाही. साहजिकच साऱ्यांनी मिळून म्हणावे असे गीतही त्यांच्यापाशी नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यास अण्णा भाऊ साठे यांनी लिहिलेल्या ‘जग बदल घालुनी घाव’ या गीताने ती जागा बऱ्याच अंशी भरून काढली. त्याची घडण ज्या भूमीत रुजलेली आहे ती सातारा-सांगलीची. त्या भूमीतील श्रमव्यवस्था, तेथील शाहिरी परंपरा आणि गीताची संहिता यांचा परस्परसंबंध तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

जुन्या गावगाड्यात चामड्याचा प्रवास ठरलेला होता. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महारांकडे. त्याचे कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावण्याचे काम ढोरांकडे. पखाली आणि विहिरीवरची मोट हीही मुख्यतः त्यांच्या कसबाची. कमावलेल्या कातड्यातून वहाणा शिवणे, मोटेची डागडुजी करणे हे चांभारांचे. मोटेला लागणारे नाडा आणि सोल हे दोर मांगांनी वळायचे. कासरा, दावे, शिंके, केरसुणी याही त्यांनीच पुरवायच्या वस्तू. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात होलार समाज कातड्याचे काम आणि वाजंत्रीपण ही दोन्ही करीत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे तपशील येतात, त्यांवरून या व्यवस्थेतील देण्याघेण्याचे बारकावे कळतात.

विहिरीवरची चालती मोट हे या साखळीचे उत्तम प्रतीक मानता येईल. तिच्या कातड्यामागे महार आणि ढोर, तिच्या टाक्यांमागे चांभार, तिच्या दोरामागे मांग. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील बागायत या चौघांच्या श्रमावर उभी होती. पण ही चौघे एकत्र येत ती वस्तूत. माणसे म्हणून त्यांचे एकमेकांशी नाते उतरंडीचे होते. ढोर महाराला, चांभार ढोराला, महार आणि मांग एकमेकांना खालचे समजत. रोटीबेटीचा व्यवहार नव्हता. पाणवठेही अनेक ठिकाणी वेगळे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले, ते या साखळीला तंतोतंत लागू पडते. या विषमतेचे वैशिष्ट्य असे की, तळाच्या प्रत्येकाला आपल्याखाली कोणीतरी आहे असा दिलासा ती देते आणि त्या दिलाशाच्या मोबदल्यात सर्वांची एकी काढून घेते.

या विभागणीचा सांस्कृतिक परिणाम असा झाला की, प्रत्येक समाजाची श्रद्धास्थाने आणि स्मृती स्वतंत्र राहिल्या. चर्मकार समाजाने संत रोहिदासांना आपले मानले. ढोर समाजाने बाराव्या शतकातील बसवेश्वरांच्या चळवळीतील शरण कक्कय्यांशी आपले नाते सांगितले. मातंग समाजाने पुण्याच्या लहुजी वस्ताद साळवे यांची स्मृती जपली, आणि जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त लिहिलेल्या, मांग-महारांच्या दुःखाविषयीच्या निबंधाचाही त्याने पुढे अभिमान बाळगला. मुक्तेच्या त्या निबंधाच्या विषयात दोन जाती एकत्र आल्या होत्या, हे लक्षणीय आहे. पण शंभर वर्षे ती वाट फारशी रुळली नाही.

उत्तर भारतात चर्मकारांच्या बाबतीत चित्र थोडे निराळे दिसते. गुरु ग्रंथसाहिबात रविदासांची जी चाळीस पदे समाविष्ट आहेत, त्यांतील बेगमपुऱ्याचे पद हे पुढे चर्मकार समाजाच्या स्वप्नाचे गीत झाले. दुःख नाही, कर नाही, दुय्यम-तिय्यम नागरिक नाहीत, अशा नगराचे ते चित्र आहे. परंतु तेथेही पद आधी आणि समाज नंतर, हाच क्रम आहे. मध्ययुगीन संताच्या वाणीला आधुनिक काळात, विशेषतः पंजाबात १९२६ पासून उभ्या राहिलेल्या आद धर्म चळवळीच्या परिसरात, नवा सामुदायिक अर्थ मिळाला. महाराष्ट्रात रोहिदासांची स्मृती जिवंत राहिली. मात्र ती एका समाजापुरती राहिली. साखळीतील इतर दुव्यांना सामावून घेणारे गीत संतपरंपरेतून आले नाही. ते आले शाहिरीतून.

३

सातारा-सांगलीच्या प्रदेशाला शाहिरीचा आणि तमाशाचा समृद्ध वारसा आहे. तासगाव तालुक्यातील सावळजचे उमा-बाबू यांच्या नावावर ‘मोहना-बटाव’ हा मराठी तमाशातील पहिला वग सांगितला जातो. त्याचा काळ १८६५ मानतात. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे ब्राह्मण्य सोडून पठ्ठे बापूराव झाले. १९४३ ते १९४६ या काळात याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. त्या चळवळीनेही पोवाड्याचा आणि लोकगीताचा प्रचारासाठी भरपूर उपयोग केला. या परंपरेत गाणारा, वाजवणारा आणि नाचणारा हा वर्ग मोठ्या प्रमाणावर मांग, महार आणि कोल्हाटी या समाजांतून येत असे.

येथे वाद्यांचा विचार करणे आवश्यक आहे. कारण चामड्याचा प्रश्न वाङ्मयात प्रवेश करतो तो वाद्यांच्या द्वारे. हलगी म्हणजे लाकडी वा धातूच्या कड्यावर ताणून बसवलेले शेळीचे कातडे. वाजवण्यापूर्वी ती जाळावर शेकावी लागते. मग कातडे ताठ होते आणि दोन काड्यांच्या घावाखाली ती कडाडू लागते. शाहिराचा डफ, तमाशातील ढोलकी, इतकेच काय, तुणतुण्याचे तळदेखील कातड्याचेच. लग्नाची वरात, देवाची पालखी, बैलपोळा, कुस्तीचा फड यांपैकी काहीही हलगीवाचून पुरे होत नसे. परंतु हलगी वाजवणारा मांग मात्र मांडवाच्या आणि देवळाच्या बाहेर राही. कातड्याचा नाद मंगल आणि कातड्याला लागलेला हात अमंगल, अशी ही विभागणी होती. गावाने या समाजाकडून आवाज घेतला, शब्द घेतले नाहीत. वाजवणाऱ्याने स्वतःच्या वतीने काही बोलावे, अशी जागाच त्या रचनेत नव्हती.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगावी मातंग कुटुंबात झाला. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. गुन्हेगार जमातींसंबंधीच्या ब्रिटिश कायद्याची आणि हजेरीची दहशत या मुलखातील मांगांनी अनुभवली होती; ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीच्या गाभ्याशी ती आहे. त्याच कादंबरीत गावाच्या जोगणीसाठी प्राण देणारा राणोजी येतो. गावाच्या मानासाठी मरण्याचा अधिकार आहे आणि गावात मानाने जगण्याचा नाही, हे दुहेरीपण हलगीवाल्याच्या स्थितीहून निराळे नाही.

शाळेचे शिक्षण जवळजवळ नसलेला हा मुलगा १९३०च्या दशकाच्या आरंभी कुटुंबासह पायी मुंबईच्या वाटेला लागला. गिरणीतील काम, माटुंग्याची लेबर कॅम्प, कम्युनिस्ट पक्षाचे कार्य आणि गावाकडे चुलतभाऊ बापू साठे यांचा तमाशा, या साऱ्यांतून त्यांचा शाहीर म्हणून पिंड घडला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. या कलापथकाचे ऐतिहासिक महत्त्व असे की, त्याने तमाशाची वाद्ये, चाली आणि बतावणी जशीच्या तशी ठेवून त्यांतील गणगौळणीची जागा श्रमिकाच्या वंदनेला दिली. कातड्याच्या वाद्याला ते वाजवणाऱ्याचे शब्द मिळाले.

४

‘जग बदल घालुनी घाव’ हे गीत आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतरचे आहे, हे त्यातील क्रियापदाच्या काळावरूनच उघड होते. भीमराव सांगून गेलेले आहेत. नव्या महाराष्ट्राच्या निर्मितीचा त्यातील उल्लेख संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीकडे निर्देश करतो. ६ डिसेंबर १९५६ नंतरच्या आणि १ मे १९६०च्या आसपासच्या वातावरणात हे गीत वाचले म्हणजे त्याचे ऐतिहासिक धैर्य लक्षात येते.

त्या काळी ‘भीमराव’ हे नाव सर्व अस्पृश्य समाजांनी सारख्याच आपुलकीने उच्चारावे, अशी परिस्थिती नव्हती. चर्मकार समाजातील सीताराम शिवतरकर हे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या काळापासून आंबेडकरांचे सहकारी होते, पां. ना. राजभोज शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस झाले. तथापि त्याच समाजातील विख्यात क्रिकेटपटू पाळवणकर बाळू १९३७च्या निवडणुकीत आणि नारायण काजरोळकर १९५२च्या निवडणुकीत काँग्रेसच्या वतीने आंबेडकरांच्या विरोधात उभे होते. काजरोळकर विजयी झाले. त्याच द्विसदस्यीय मतदारसंघातून कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे हेही उभे होते, आणि त्या निवडणुकीची कटुता आंबेडकरी कार्यकर्त्यांच्या मनात दीर्घकाळ राहिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धर्मांतरात आणि त्यानंतरच्या दीक्षांमध्ये मुख्यतः महार समाज सहभागी झाला. मांग, चांभार, ढोर हे समाज बहुसंख्येने बाहेर राहिले.

याच सुमारास चामड्याची जुनी साखळीही तुटू लागली होती. मेलेली गुरे ओढण्याचे आणि मृतमांसाचे काम सोडण्याचे आवाहन आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला केले होते. महारांनी ते मनावर घेतले. मोटेची जागा इंजिने आणि विजेचे पंप घेऊ लागले, तशी मोटेमागची ढोर-चांभार-मांग ही कामगिरीही ओसरत गेली. कारखान्यातील जोड्यांनी वहाणांचा बाजार कमी केला. ज्या वस्तूने या समाजांना निदान व्यवहारापुरते एकत्र बांधले होते, ती वस्तूच नाहीशी होत चालली. आता एकत्र येण्यासाठी त्यांच्यापाशी उरले होते ते दुःखाचे साम्य आणि राजकारण. राजकारणाने तर त्यांना वेगवेगळ्या बाजूंना उभे केले होते.

अशा वेळी एका मांग शाहिराने, जो कम्युनिस्ट होता आणि ज्याने बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली नव्हती, आंबेडकरांचा निरोप आपण ऐकला असे गीतातून जाहीर करावे, यामागे तीन सीमा ओलांडण्याची कृती आहे : जातीची, पक्षाची आणि धर्माची. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे, असे त्यांनी मांडले. पुढल्याच वर्षी ‘फकिरा’ त्यांनी आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. गीत, भाषण आणि अर्पणपत्रिका ही एकाच भूमिकेची तीन रूपे आहेत. त्या भूमिकेचा सर्वांत टिकाऊ आविष्कार गीतात झाला, याची कारणे संहितेत शोधावी लागतात.

५

गीताची पहिली लक्षणीय गोष्ट म्हणजे त्यातील निवेदनाची रचना. आज्ञा भीमरावांची आहे, ती ऐकणारा ‘मी’ आहे, आणि ती ज्याला उद्देशून आहे तो ‘तू’ गाणारा प्रत्येक जण आहे. निवेदक स्वतः नेता नाही, तो साक्षीदार आहे. पोवाड्यात शाहीर वीराचे गुणगान करतो, आरतीत भक्त देवाची आळवणी करतो. येथे या दोहोंपैकी काहीच घडत नाही. आंबेडकरांचे रूप, त्यांची विद्वत्ता, त्यांचे उपकार यांचे वर्णन गीतात येत नाही. त्यांचे सांगणे तेवढे येते. त्यामुळे ‘मला’ हा एकवचनी शब्द गीताचे मर्म ठरतो. ज्याने हे गीत म्हटले त्याला, तो महार असो, मांग असो की चांभार असो, भीमरावांनी आपल्याला स्वतंत्रपणे सांगितले असा दावा करता येतो. वारशाचा हक्क जातीने मिळत नाही, ऐकण्याने मिळतो. महापुरुषावरील मालकीचा वाद ज्या समाजांत सहज पेटू शकत होता, तेथे या सर्वनामाने फार मोठे काम केले.

पुढे हे एकवचन बहुवचनात शिरते. हीन ठरवल्या गेलेल्यांचा, जन्मोजन्मी अंकित केल्या गेलेल्यांचा उल्लेख होतो तेव्हा ‘आम्ही’ प्रकट होतो. आणि शेवटी एकजुटीच्या रथावर आरूढ होऊन पुढे जाण्याचे आवाहन येते. ‘मी’पासून ‘आम्ही’पर्यंतचा हा प्रवास अपमानाच्या समान अनुभवातून होतो. ही क्रमवारी सहेतुक दिसते. एकजूट आधी गृहीत धरलेली नाही. ती शेवटी साधावयाची आहे.

दुसरी गोष्ट प्रतिमांची. गुलामगिरीच्या चिखलात रुतलेल्या ऐरावताची प्रतिमा गीतात मध्यवर्ती आहे. समुद्रमंथनातून निघालेले, इंद्राचे वाहन असलेले शुभ्र गजरत्न हे दलिताचे रूपक होते, यातच मिथकाची उलथापालथ आहे. धनवंतांच्या शोषणाचे वर्णन करताना माणिक गिळणाऱ्या मगरीची प्रतिमा येते. चिखलातील हत्ती आणि मगर ही जोडी मराठी श्रोत्याला गजेंद्रमोक्षाच्या आख्यानाकडे नेल्याशिवाय राहत नाही. कीर्तनांतून शतकानुशतके ऐकलेल्या त्या कथेत हत्ती असहाय होऊन धावा करतो आणि देव धावून येतो. येथे मात्र कोणी धावून येत नाही. हत्तीनेच अंग झाडून चिखलातून बाहेर पडावयाचे आहे. भक्तिपरंपरेचा सांगाडा ठेवून त्यातला उद्धारकर्ता काढून घेणे, ही या गीतातील सर्वांत खोल क्रांती म्हटली पाहिजे. आंबेडकरांना देवाच्या जागी बसवण्याचा मोह या गीताने टाळला तो अशा रीतीने.

तिसरी गोष्ट शोषणाच्या निदानाची. धनवानांनी केलेली पिळवणूक आणि धर्माच्या नावाने झालेला छळ या दोन गोष्टी गीतात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एकीला दुसरीचे कारण मानलेले नाही. मार्क्सवादी आणि आंबेडकरवादी यांच्यात ज्या प्रश्नावर दशके वाद झाला, तो येथे सैद्धांतिक पातळीवर सुटलेला नाही हे खरे. परंतु ज्याच्या अंगावर दोन्ही आघात एकाच वेळी झाले, त्याच्या अनुभवात ते शेजारीच असतात. शाहिराने सिद्धांताऐवजी त्या अनुभवाची मांडणी स्वीकारली.

चौथी आणि या निबंधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गीतातील अनुल्लेख. या गीतात कोणत्याही जातीचे नाव नाही. चामडे नाही, दोर नाही, केरसुणी नाही, हलगी नाही. कथा-कादंबऱ्यांत आपल्या समाजाचे जीवन बारकाव्यानिशी रेखाटणारा लेखक समाजगीतात ते सारे वगळतो, याला अर्थ आहे. व्यवसायाचा उल्लेख आला असता तर साखळीतील एक दुवा प्रकाशात आला असता आणि बाकीचे दूर झाले असते. चर्मकारांच्या कसबाचा गौरव करणारे गीत मांगांचे झाले नसते. दोर वळणाऱ्याचे गीत ढोरांचे झाले नसते. शिवाय जन्माने लादलेल्या व्यवसायाचा अभिमान बाळगणे म्हणजे त्या लादण्याला मूक संमती देणे, हा धोकाही होता. बेगमपुऱ्याच्या पदातील भणितेत रविदास स्वतःची चांभार ही ओळख ठामपणे सांगतात. ती मध्ययुगातील बंडखोरी होती. विसाव्या शतकातील शाहिराला ओळख सांगण्यापेक्षा ती ओलांडणे अधिक निकडीचे वाटले.

तरीही चामडे गीताच्या बाहेर गेलेले नाही. ते शब्दांतून निघून नादात गेले आहे. डफ-ढोलकीच्या साथीने हे गीत उभे राहते तेव्हा त्यातील ‘घाव’ या शब्दाला कातड्यावर पडणाऱ्या थापेची साथ मिळते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मराठी मनाला सोसण्याचा उपदेश करते. त्यात घाव सोसणाऱ्याच्या वाट्याचा आहे. या गीतात घाव घालणाऱ्याच्या हातचा आहे. ज्या हाताने गावासाठी हलगीवर घाव घातला, त्याच हाताला जगाच्या रचनेवर घाव घालण्यास सांगितले जाते. संहिता आणि प्रयोग यांचा असा मिलाफ केवळ छापील पानावरून गीत वाचणाऱ्या समीक्षकाच्या नजरेतून निसटतो.

६

गीत समाजाचे होण्याची प्रक्रिया अण्णा भाऊंच्या निधनानंतर, म्हणजे १८ जुलै १९६९ नंतर, अधिक वेगाने झाली. दलित साहित्याच्या आणि चळवळीच्या बहराच्या काळात, पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याच्या काळात आंबेडकरी जलसे आणि कलापथके या गीताकडे वळत राहिली. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या आंबेडकरांच्या स्मृतीशी निगडित दिवसांबरोबर १ ऑगस्ट या अण्णा भाऊंच्या जयंतीलाही ते गायिले जाऊ लागले. जयंत्या वेगळ्या, मिरवणुका वेगळ्या, झेंड्यांचे रंगही अनेकदा वेगळे. गीत मात्र एकच, असे दृश्य महाराष्ट्राने पाहिले. समाजगीताचे सामर्थ्य मोजण्याचे याहून चांगले माप सांगता येणार नाही.

याच्या उलट दिशेने दुसरी एक प्रक्रिया चालू होती. राज्याने या समाजांच्या विकासाची रचना त्यांच्या पारंपरिक भेदांनुसार केली. १९७४ मध्ये चर्मोद्योगासाठी महामंडळ स्थापन झाले; संत रोहिदास यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या महामंडळाच्या कक्षेत चांभार, ढोर, होलार, मोची हे समाज येतात. मातंग समाजासाठी १९८५ मध्ये लोकशाहीर अण्णा भाऊ साठे विकास महामंडळ निघाले. ज्या कवीने आपल्या गीतातून जातीचे नाव कटाक्षाने वगळले, त्याचे नाव एका जातसमूहाच्या महामंडळाला मिळाले. यात कोणाचा दोष शोधण्याचे कारण नाही. मागासलेपणाचे स्वरूप जातीनिहाय भिन्न असेल तर उपायही भिन्न असावे लागतात. तथापि समाजगीताच्या इतिहासात हा विरोधाभास नोंदवणे भाग आहे.

अनुसूचित जातींच्या आरक्षणातील उपवर्गीकरणाच्या प्रश्नाने तो विरोधाभास अधिक टोकदार केला. सवलतींचा लाभ सर्व जातींपर्यंत सारखा पोचला नाही, अशी मातंग समाजातील संघटनांची दीर्घकाळची तक्रार आहे. वर्गीकरणाने दलितांची राजकीय एकजूट दुभंगेल, अशी भीती दुसऱ्या बाजूने व्यक्त होते. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने राज्यांना असे उपवर्गीकरण करण्याची मुभा दिली ती १ ऑगस्ट २०२४ रोजी. म्हणजे अण्णा भाऊंच्या जयंतीच्याच दिवशी. हा योगायोग असला तरी त्यातून निर्माण होणारा प्रश्न योगायोगाचा नाही. एकजुटीच्या रथाचे गीत आणि वाट्याच्या न्याय्य विभागणीची मागणी, या दोन्ही गोष्टी एकाच समाजाच्या ओठांवर एकाच वेळी असू शकतात काय?

संहितेच्या आधारे याचे उत्तर होकारार्थी देता येते. गीतातील एकजूट म्हणजे भेद नाकारणारी एकजिनसी गर्दी नव्हे. ती ‘मला’पासून सुरू होते. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा अपमान ओळखावा, आपल्या पायाखालचा चिखल ओळखावा आणि मग रथावर चढावे, असा तिचा क्रम आहे. आपल्या चिखलाची खोली वेगळी आहे असे म्हणणे हा त्या क्रमाचा भंग ठरत नाही. भंग होतो तो दोन प्रसंगी : रथावर आधी चढलेल्याने मागच्याची हाक ऐकली नाही म्हणजे, आणि मागच्याने रथच नको म्हटले म्हणजे. गीताच्या दोन्ही बाजूंच्या गाणाऱ्यांनी हे ध्यानी घेतले, तर वादाचा निर्णय गीताने होणार नाही. पण वाद ज्या भाषेत करावा ती भाषा त्यातून मिळू शकेल.

मराठी समीक्षेने अण्णा भाऊंची दखल प्रामुख्याने ‘फकिरा’चे कादंबरीकार म्हणून घेतली. ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीला तिच्यातील विरहभावामुळे काव्य म्हणून मान्यता मिळणे सोपे गेले. ‘जग बदल घालुनी घाव’ या गीताचा विचार मात्र प्रचारगीत या वर्गात टाकून थांबवण्यात आला. प्रचार या शब्दाने येथे काहीच सिद्ध होत नाही. प्रचारगीत आधीच अस्तित्वात असलेल्या श्रोत्यांपर्यंत एक मत पोचवते. समाजगीताला श्रोते घडवावे लागतात. ढोर, चांभार, महार, मांग, होलार यांना एका वस्तूने बांधले आणि एका व्यवस्थेने तोडले. या तुटलेल्यांना उद्देशून ‘आम्ही’ म्हणता येईल अशी व्याकरणाची जागा या गीताने तयार केली. ती जागा पूर्णपणे भरली गेली असे इतिहास सांगत नाही. पण जागा आहे आणि ती मोकळी आहे, हे दर वर्षी हलगी शेकली जाते आणि गीत पुन्हा उभे राहते तेव्हा दिसून येते. अशा रचनांचे मूल्यमापन करावयाचे तर शब्दकळेइतकाच या जागेचाही हिशेब समीक्षेला मांडावा लागेल.